सालामांका एका दिवसात उरकावे का?

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे: ऑक्टोबरच्या अखेरीस आपण उभयता माद्रिदला मुलीकडे जाणार आहात, फिरण्यासाठी आठ दिवस हाताशी आहेत, आणि मुलीने आखलेल्या कार्यक्रमात तोलेदो व सेगोव्हिया यांच्या जोडीला सालामांकाही "एका दिवसात उरकून येऊ" असे लिहिलेले आहे. आपण आयुष्यभर महाविद्यालयात शिकवलेले असल्यामुळे आठशे वर्षांचे विद्यापीठ पाहण्याची आपल्याला ओढ आहे. मात्र यजमानांचे गुडघे दुखतात, दोघेही शाकाहारी आहात, त्यांतही यजमानांना अंडे चालत नाही, आणि जिकडे तिकडे एका दगडी बेडकाचेच कौतुक वाचून त्यापलीकडे तिथे काही आहे की नाही, अशी शंका आपल्या मनात आली आहे.

मी स्पॅनिश शिकवतो आणि बरीच वर्षे मराठी प्रवाशांचे लहान गट स्पेनला नेत आलो आहे, त्या अनुभवावरून आधी निर्णय सांगतो आणि मग कारणे. सालामांकाला जाणार असाल तर तिथे निदान एक रात्र राहा, जमल्यास दोन राहा. आणि तेवढा वेळ काढता येत नसेल, तर या खेपेस ते वगळून तोलेदो नीट पाहा. एका दिवसात सालामांकाची स्थळे पाहून होत नाहीत असे मुळीच नाही. जुने शहर लहान आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी वीस-पंचवीस मिनिटांत जाता येते, आणि स्थळांच्या यादीवर खुणाच करायच्या असतील तर पाच तास पुरतात. प्रश्न असा आहे की त्या पाच तासांत यादी पूर्ण होते आणि विद्यापीठ राहून जाते.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. पहिल्यांदा अठरा जणांना घेऊन गेलो तेव्हा सकाळी माद्रिदहून बसने निघालो, अकराच्या सुमारास पोहोचलो आणि चार वाजता परतीला लागलो. त्यांतला जवळजवळ पाऊण तास सगळी मंडळी विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीसमोर माना वर करून बेडूक शोधत होती. बेडूक सापडला, टाळ्या झाल्या, छायाचित्रे निघाली, आणि त्या भिंतीमागच्या इमारतीत पाऊलही न टाकता आम्ही जेवायला गेलो. परतीच्या बसमध्ये एका आजोबांनी मला शांतपणे विचारले, "सगळे पाहिले, पण विद्यापीठ कुठे होते?" त्यांना देण्यासारखे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

मुक्काम करण्याचे दुसरे कारण दगडाचे आहे. शहराजवळच्या बियामायोर या गावच्या खाणींतून निघालेल्या वालुकाश्मात जवळजवळ सगळे जुने सालामांका बांधलेले आहे. खाणीतून नुकताच काढलेला हा दगड ओलसर आणि मऊ असतो, त्यामुळे त्यावर बारीक कोरीव काम करता येते. पुढे हवेत सुकून तो घट्ट होतो आणि त्यातले लोह गंजत गेल्यामुळे त्याच्यावर हळूहळू सोनेरी छटा चढते. हा दगड जमिनीतला ओलावा लवकर शोषतो, म्हणून पुष्कळ इमारतींच्या तळाचे थर करड्या ग्रॅनाइटचे असतात. भिंतींकडे पाहताना हा जोड मुद्दाम पाहावा. भर दुपारी हा दगड फिकट पिवळा आणि काहीसा निस्तेज दिसतो, आणि माद्रिदहून एका दिवसासाठी येणाऱ्यांच्या वाट्याला नेमकी तीच दुपार येते. सूर्य कलल्यानंतरचा एक तास आणि दिवे लागल्यानंतरचा एक तास, या दोन तासांत हे शहर वेगळेच होते, आणि त्या वेळी परगावच्या बहुतेक बसगाड्या निघून गेलेल्या असतात.

प्रवासाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. माद्रिदच्या चामार्तीन स्थानकावरून जलद गाडीने सुमारे पावणेदोन तास लागतात, पण अशा गाड्या दिवसात मोजक्याच असतात, म्हणून तिकीट आधीच काढून ठेवावे. बसला अडीच ते तीन तास लागतात. सालामांकाच्या रेल्वे स्थानकापासून मुख्य चौक पायी पंचवीसेक मिनिटांवर आहे. यजमानांचा विचार करता टॅक्सी करा, अंतर कमी असल्याने फार खर्च येत नाही. जुन्या शहरात चढउतार थोडा आहे, तोही मुख्यतः नदीकडे उतरताना. पण रस्ते दगडी फरसबंदीचे आहेत, तेव्हा जाड आणि मऊ तळाचे बूट हवेत.

आता मूळ विषयाकडे वळतो. लेऑनचा राजा नववा आल्फोन्सो याने १२१८ साली हे विद्यापीठ स्थापन केले, १२५४ मध्ये दहाव्या आल्फोन्सोने त्याला सनद देऊन अध्यासनांची आणि वेतनांची व्यवस्था लावली, आणि पुढच्याच वर्षी पोपची मान्यता मिळाली. स्पेनमध्ये आज चालू असलेल्या विद्यापीठांत ते सर्वांत जुने आहे. त्याच्याशी जोडलेले एक लॅटिन वचन तिथे वारंवार ऐकू येते: निसर्गाने जे दिले नाही ते सालामांका उसने देत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे आपण वर्गात कितीदा मनात म्हटले असेल. त्यांनी तेच लॅटिनमध्ये मिरवले आहे.

ज्या भिंतीसमोर गर्दी असते ती सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातली आहे. या शैलीला स्पॅनिशमध्ये जे नाव आहे ते चांदीचे काम करणाऱ्या कारागिराच्या नावावरून आलेले आहे, आणि समोर उभे राहिल्यावर त्याचे कारण कोणी सांगावे लागत नाही. ही भिंत खालून वर वाचावी. खालच्या पट्ट्यात इसाबेल आणि फेर्नांदो हे राजाराणी एकच राजदंड धरून आहेत आणि त्यांच्याभोवती ग्रीक अक्षरांत कोरले आहे की राजे विद्यापीठाला आणि विद्यापीठ राजांना. मधल्या पट्ट्यात त्यांचा नातू सम्राट पाचवा कार्लोस याची राजचिन्हे आणि दुतोंडी गरुड आहे. सर्वांत वर पोप बसलेला आहे. म्हणजे विद्यापीठाने आपले आश्रयदाते कोण आणि आपले स्थान कोणते, हे दारावरच दगडात लिहून ठेवले. आश्रयदात्यांच्या खाली उभे राहूनही त्यांच्याशी बरोबरीची भाषा केली, हे त्या ग्रीक ओळीत मला नेहमी जाणवते.

बेडूक उजवीकडच्या स्तंभावरच्या एका कवटीवर बसलेला आहे. कोणाच्या मदतीशिवाय तो ज्याला सापडेल तो विद्यार्थी परीक्षेत उत्तीर्ण होतो, अशी समजूत आहे. त्याचा मूळ अर्थ कोणी विषयवासना आणि मृत्यू यांबद्दल तरुणांना दिलेला इशारा असा सांगतात, तर कोणी त्या कवटीचा संबंध १४९७ मध्ये याच शहरात तरुणपणी वारलेल्या युवराज हुआन याच्याशी जोडतात. आपण पाच मिनिटे अवश्य शोधा आणि नाही सापडला तर सोडून द्या. बेडूक पाहण्यात वाईट काही नाही, वाईट हे की लोक बेडकाखेरीज काही पाहत नाहीत, असे एक वाक्य मिगेल दे उनामुनो यांच्या नावावर सांगितले जाते. ते या विद्यापीठाचे रेक्टर, म्हणजे आपल्याकडच्या कुलगुरूंच्या तोडीचे अधिकारी होते, आणि त्यांच्याकडे मी पुढे येणारच आहे.

तिकीट काढून आत जा. मधल्या चौकाभोवती जुनी व्याख्यानगृहे आहेत, आणि त्यांतले एक आपण सावकाश पाहावे असा माझा आग्रह आहे. ते फ्राय लुईस दे लेऑन या कवी आणि अध्यापक साधूच्या नावाने ओळखले जाते. तिथले बाक म्हणजे जेमतेम तासलेले लाकडी ओंडके आहेत. पुढचे ओंडके लिहिण्यासाठी, मागचे बसण्यासाठी. विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी त्यांवर चाकूने अक्षरे कोरली आहेत, हे पाहून आपल्याला हसू येईल. फ्राय लुईस यांनी बायबलमधील प्रेमगीतांचा लोकभाषेत अनुवाद केला आणि प्रचलित लॅटिन पाठाबद्दल शंका घेतल्या, म्हणून धर्मन्यायालयाने १५७२ ते १५७६ त्यांना बाय्यादोलिदच्या कैदेत ठेवले. सुटून आल्यावर पहिल्या तासाला ते वर्गात उभे राहिले आणि "काल आपण म्हणत होतो..." असे म्हणून त्यांनी व्याख्यान पुढे सुरू केले, अशी आख्यायिका आहे. तिला समकालीन पुरावा नाही. पण पुढे शेकडो वर्षे विद्यापीठाने ती जपली, यावरून या संस्थेला स्वतःविषयी काय आठवायला आवडते ते कळते. त्यांचा पुतळा बाहेर त्याच भिंतीसमोरच्या पटांगणात आहे आणि बेडूक शोधणाऱ्यांची पाठ सहसा त्याच्याकडे असते.

त्याच चौकात समारंभाचे सभागृह आहे. १२ ऑक्टोबर १९३६ रोजी, यादवी युद्ध सुरू होऊन तीन महिने होत नाहीत तोच, तिथे जो समारंभ झाला त्याच्या अध्यक्षस्थानी उनामुनो होते. सरकारविरुद्ध उठाव केलेल्या लष्कराचा नेता फ्रँको याच्या पत्नी व्यासपीठावर होत्या आणि सैन्यातले जनरल मियान आस्त्राय श्रोत्यांत जोश भरत होते. उनामुनो यांनी आरंभी या उठावाला पाठिंबा दिला होता, ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांकडून बऱ्याचदा गाळली जाते. पण त्या दिवशी ते उभे राहून विरोधात बोलले आणि सभागृहात गोंधळ उडाला. त्यांचे नेमके शब्द कोणते यावर इतिहासकारांत वाद आहे, आणि प्रसिद्ध झालेले लांबलचक भाषण नंतर कोणीतरी रचलेले आहे असे आता मानले जाते. मात्र जिंकणे आणि पटवणे, ही स्पॅनिशमध्ये यमक साधणारी शब्दांची जोडी त्यांनी त्या दिवशी खिशातल्या एका पत्राच्या पाठीवर स्वतःच्या हाताने टिपून ठेवली होती, आणि तो कागद उपलब्ध आहे. त्यांचे रेक्टरपद गेले, उरलेले दिवस त्यांनी घरात पहाऱ्याखाली काढले आणि ३१ डिसेंबर १९३६ रोजी ते वारले. रेक्टर म्हणून ज्या घरात ते राहत, ते विद्यापीठाला लागूनच असून आता संग्रहालय आहे. त्या सभागृहात दोन मिनिटे बसा. मी तिथे गटाला काही सांगत नाही, नुसते बसायला सांगतो.

बाहेर पडल्यावर त्याच पटांगणाच्या कोपऱ्यातून धाकट्या विद्यालयांच्या चौकात जाता येते. तिथल्या एका अंधाऱ्या दालनात "सालामांकाचे आकाश" आहे: पंधराव्या शतकाच्या अखेरीस फेर्नांदो गायेगो या चित्रकाराने विद्यापीठाच्या जुन्या ग्रंथालयाच्या घुमटाकार छतावर राशी, नक्षत्रे आणि ग्रह रंगवले होते, त्यांतला सुमारे एक तृतीयांश भाग वाचला, तो विसाव्या शतकात काढून इथे आणला गेला. डोळे अंधाराला सरावायला चार-पाच मिनिटे लागतात आणि बहुतेक लोक तोवर निघून जातात. आपण थांबा, कारण आपल्या दृष्टीने सालामांकाचा सर्वांत जवळचा धागा इथे सुरू होतो.

हे छत रंगवले जात होते त्या काळात याच शहरात अब्राहम झाकुतो हा ज्यू ज्योतिर्विद सूर्य, चंद्र आणि ग्रहांची कोष्टके रचत होता. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना देशाबाहेर काढले तेव्हा तो पोर्तुगालला गेला आणि तिथल्या राजाच्या पदरी राहिला. सूर्याच्या उंचीवरून समुद्रात अक्षांश काढण्यासाठी त्याची कोष्टके उपयोगी पडत, आणि वास्को द गामा १४९७ मध्ये निघण्यापूर्वी त्याचा सल्ला घेतला गेला होता. म्हणजे कालिकतला पोहोचलेल्या जहाजांवरचे गणित काही अंशी सालामांकातले होते. दुसरा धागा थेट गोव्यात येतो. स्पेनमधून निघून पोर्तुगालमध्ये वसलेल्या अशाच एका ज्यू घराण्यातला गार्सिया द ओर्ता सालामांका आणि आल्काला येथे वैद्यक शिकला, १५३४ मध्ये भारतात आला, आणि गोव्यात राहून त्याने इथल्या वनस्पतींवर आणि औषधांवर जो ग्रंथ लिहिला तो १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. तो ग्रंथ दोन वैद्यांच्या संवादाच्या रूपात आहे, आणि त्यातला प्रश्न विचारणारा रुआनो हा लेखकाचा सालामांका-आल्कालाचा जुना सोबती म्हणून आणला आहे. मुंबई बेटही काही काळ पोर्तुगीजांकडून खंडाने ओर्ताकडेच होते. तो १५६८ मध्ये वारला. बारा वर्षांनी गोव्याच्या धर्मन्यायालयाने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. पणजीच्या बागेला आज त्याचे नाव आहे. मराठी माणसाने सालामांकाला जायला हे एवढे कारण मला पुरेसे वाटते.

विद्यापीठाबाहेरच्या भिंतींवर, आणि शहरात ठिकठिकाणी, तांबड्या रंगात एक अक्षरगुच्छ आणि शेजारी नावे दिसतील. हे विजयचिन्ह आहे: डॉक्टरेट मिळवलेला माणूस ते भिंतीवर काढवून घेत असे, आणि पूर्वी त्या रंगात बैलाचे रक्त मिसळत असे सांगतात. या पदवीची परीक्षा कशी होई, हे पाहायला जुन्या कॅथेड्रलमध्ये जावे लागते. तिथल्या मठचौकात सांता बार्बारा नावाचे छोटे प्रार्थनागृह आहे. उमेदवाराने परीक्षेआधीची रात्र तिथे कोंडून घेऊन अभ्यासात काढायची, नशीब साथ देवो म्हणून तिथल्या बिशपच्या समाधीवरच्या शिल्पाच्या पायांना आपले पाय टेकवून बसायचे, आणि सकाळी परीक्षकांना सामोरे जायचे. उत्तीर्ण झाला तर मोठ्या दाराने मिरवणूक, नापास झाला तर गाड्यांच्या मागच्या दाराने गुपचूप बाहेर. स्पॅनिशमध्ये निर्णायक क्षणाची धास्ती घेऊन बसलेल्या माणसाला आजही "प्रार्थनागृहात आहे" असे म्हणतात.

जुन्या कॅथेड्रलचा प्रवेश नव्यातून आहे. नव्याचे बांधकाम १५१३ मध्ये सुरू झाले; ते होईपर्यंत पूजा कुठे करायची म्हणून बाराव्या शतकातले जुने पाडायचे राहिले, आणि नवे पुरे व्हायला १७३३ उजाडल्यामुळे जुने कायमचे वाचले. मला विचाराल तर जुनेच अधिक पाहण्यासारखे आहे. वेदीमागची त्रेपन्न चित्रांची भिंत आणि वरचा अंतिम न्यायाचा देखावा यांसमोर खुर्चीवर बसून राहावे. नव्याच्या उत्तरेकडच्या दारावर एक अंतराळवीर कोरलेला दिसेल. तो पाहून पुरातन काळी अंतराळयाने होती असे सांगणारी मंडळी आपल्याला समाजमाध्यमांवर भेटलीच असतील. तो १९९२ च्या दुरुस्तीत कारागिरांनी त्या काळाची खूण म्हणून बसवलेला आहे. मनोऱ्यांवर चढण्याची सोय आहे आणि वरून दिसणारे दृश्य सुंदर आहे, पण जिने अरुंद आणि पायऱ्या पुष्कळ आहेत. यजमानांनी खाली चहा घ्यावा. शंखशिंपल्यांच्या घरासमोरच्या जेझुइट चर्चच्या मनोऱ्यांनाही हेच लागू आहे.

ते शंखशिंपल्यांचे घर, कासा दे लास कोंचास, भिंतीवरच्या तीनशेहून अधिक दगडी शिंपल्यांमुळे बाहेरून सगळेच पाहतात. आत सार्वजनिक ग्रंथालय आहे आणि अंगणात कोणालाही जाता येते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

विद्यापीठाशी जोडलेले आणखी एक ठिकाण वगळू नये, ते म्हणजे डोमिनिकन पंथाचा सान एस्तेबान मठ. कोलंबसाच्या बेताची छाननी करणाऱ्या पंडितांनी इथे बैठका घेतल्या अशी परंपरा आहे. त्या पंडितांना पृथ्वी सपाट वाटत होती, ही कथा निव्वळ भाकड आहे. पृथ्वी गोल आहे हे त्यांना चांगले ठाऊक होते; पश्चिमेकडून आशियाचे अंतर कोलंबस सांगतो त्याहून फार जास्त आहे, असा त्यांचा आक्षेप होता, आणि तो बरोबर होता. मठासमोर फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांचा पुतळा आहे. ते १५२६ पासून १५४६ मध्ये मृत्यू येईपर्यंत इथे धर्मशास्त्र शिकवत. सम्राट साऱ्या जगाचा स्वामी नाही, पोपलाही ऐहिक बाबतीत तसा अधिकार नाही, आणि अमेरिकेतले मूळ रहिवासी स्पॅनिश लोक येण्यापूर्वी आपल्या भूमीचे खरे मालक होते, असे त्यांनी १५३९ मध्ये भर व्याख्यानात मांडले. सम्राटाने मठाच्या प्रमुखाला पत्र पाठवून ही चर्चा थांबवण्यास फर्मावले. व्हितोरियांनी युद्धाला न्याय्य ठरवणारी काही कारणे मान्यही केली होती आणि विजेत्यांनी त्यांचा हवा तसा उपयोग केला, हेही सांगायला हवे. पण आंतरराष्ट्रीय कायद्याच्या इतिहासाची सुरुवात सांगताना त्यांचे नाव आजही घेतले जाते.

मुख्य चौक, प्लाझा मायोर, दिवसा ओलांडा आणि संध्याकाळी पाहा. १७२९ ते १७५५ या काळात आल्बेर्तो दे चुर्रिगेरा यांच्या आराखड्यावरून तो बांधला गेला. चारही बाजू सारख्या वाटतात, पण मोजल्या तर एकही दुसरीइतकी नाही. कमानींवरच्या गोल चौकटींत राजे, योद्धे आणि लेखक यांचे मुखवटे आहेत. फ्रँकोचा होता तो २०१७ मध्ये काढला. त्यांत वेलिंग्टन शोधा. २२ जुलै १८१२ रोजी शहराच्या दक्षिणेला आरापिलेस येथे त्याने फ्रेंचांचा पराभव केला म्हणून तो इथे आहे. हाच आर्थर वेलस्ली त्याआधी नऊ वर्षे, १८०३ मध्ये, अहमदनगरचा किल्ला घेऊन जालन्याजवळच्या असईच्या रणात शिंदे आणि भोसले यांच्या फौजांशी लढला होता. घड्याळाखाली भेटू, असे या शहरातली माणसे एकमेकांना सांगतात. रात्री नऊनंतर तिथे एका बाकावर बसले की विद्यापीठ अजून चालू आहे हे आपोआप दिसते.

राहण्यासाठी या चौकापासून पाच-सात मिनिटांच्या आतले हॉटेल घ्या, पण खोली रस्त्याकडची नको, आतल्या अंगाची मागा. हे विद्यार्थ्यांचे शहर आहे, विशेषतः गुरुवारच्या रात्री ते लवकर झोपत नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे, ऑक्टोबरअखेर रात्री आणि पहाटे चांगलीच थंडी असते. त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात, तेव्हा परतीच्या गाडीची वेळ पुन्हा तपासा. सोमवारी बरीच संग्रहालये बंद असतात. शक्य असेल तर ३१ तारीख गाठा: १७५५ च्या लिस्बनच्या भूकंपात शहर वाचले त्याची आठवण म्हणून त्या दिवशी एक माणूस पारंपरिक वेशात कॅथेड्रलच्या मनोऱ्याच्या टोकापर्यंत चढतो आणि वरून बासरी व ढोलके वाजवतो. खालून पाहायला पायऱ्या लागत नाहीत. तोर्मेस नदीवरच्या रोमन पुलापर्यंत जाऊन मागे वळून दोन्ही कॅथेड्रले पाहायची असतील, तर चढ टाळण्यासाठी परतताना टॅक्सी बोलवा.

उरला जेवणाचा प्रश्न, आणि तो खरोखर अवघड आहे. हा प्रांत डुकराच्या मांसाचा आहे, आणि हामोन, म्हणजे खारवलेली मांडी, हे मांसच नव्हे अशी पुष्कळ वाढप्यांची प्रामाणिक समजूत असते. शेजारच्या ला आर्मुन्या भागातली मसूर स्पेनभर नावाजलेली आहे; मी एकदा मोठ्या उमेदीने गटासाठी ती मागवली, तर तीत चोरिसोचे, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजचे, तुकडे होते, आणि तक्रार केल्यावर वाढप्याने चमच्याने ते तुकडे वेचून तीच ताटली हसतमुखाने परत आणून ठेवली. तेव्हा "शाकाहारी" एवढे सांगून थांबू नका. "नो कोमेमोस कार्ने, नि पेस्कादो, नि हामोन" असे पूर्ण म्हणा, आणि यजमानांसाठी "नि उएबो" जोडा. लाल तिखटाच्या कुस्करलेल्या बटाट्यांवर डुकराची कुरकुरीत चरबी घातलेली असते. ओर्नासो नावाची पाव-कचोरीसारखी दिसणारी वस्तू आतून पूर्ण मांसाची असते. टोमॅटो लावलेला पाव, तळलेल्या हिरव्या मिरच्या, अळिंबी, कोशिंबिरी, चीज यांवर एक-दोन दिवस छान निघतात, आणि आपल्याला अंडे चालत असल्याने बटाट्याचे जाड ऑम्लेट सर्वत्र मिळेल. दुपारचे जेवण दोनच्या आधी आणि रात्रीचे साडेआठ-नऊच्या आधी सहसा मिळत नाही, म्हणून चौकाला लागूनच असलेल्या जुन्या लोखंडी मंडईतून सकाळीच फळे आणि पाव घेऊन ठेवा. सान एस्तेबानसमोर लास दुएन्यास हा जोगिणींचा मठ आहे. त्यांचा वरचा सज्जा आणि तिथल्या खांबांवरचे विद्रूप चेहरे पाहून झाले की त्या विकतात ते बदामाचे आमार्गियोस घ्या. त्यांत अंड्याचा पांढरा भाग असतो, म्हणजे अख्खा डबा आपल्याच वाट्याला येईल.